ऑस्करला सिनेमा जात नाही, देश जातो

(दादरमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गणपती विसर्जनाला गेले की आपल्याकडे एक भांडण हमखास लागतं. फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती ऑस्करसाठी एक सिनेमा निवडते आणि दुसऱ्या दिवसापासून ‘हाच का, तो का नाही’ सुरू होतं. मी स्वतः या भांडणात हिरिरीनं भाग घेतो, तेव्हा कुणाला नावं ठेवत नाही. पण आपण भांडतो ते सिनेमा बरा की वाईट यावर. हा सिनेमा ज्या विभागात जातो, त्या परभाषिक (आता ‘आंतरराष्ट्रीय’) सिनेमाच्या विभागाचा पायाच निराळा आहे. तिथं वर्षानुवर्षं स्पर्धेत देश उतरत आला. एका देशाचा एकच सिनेमा, आणि तो पाठवणार त्या देशाची समिती. हा विभाग १९५६ सालच्या सिनेमांपासून सुरू झाला, तेव्हापासून अनेक दशकं हीच चौकट राहिली.

आता समितीत बसलेल्या माणसाची कल्पना करा. ‘उत्तम सिनेमा कोणता’ एवढाच प्रश्न त्याच्यापुढे नसतो. ‘भारत म्हणजे काय’ हाही प्रश्न त्याच्या डोक्यावर बसलेला असतो. एवढ्या मोठ्या देशाचं उत्तर दोन-अडीच तासांत द्यायचं! आपल्याला आजवर नामांकनं मिळाली तीन: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. त्यातल्या दोन सिनेमांत गाव, माती आणि पीक आहे. कामाठीपुऱ्याच्या फुटपाथवरचा सिनेमा एकच.

२०२४ सालचं उदाहरण बघा, कारण त्यात सगळा घोळ एकाच जागी सापडतो. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी पोचला होता. सिनेमा आपल्या मुंबईचा. मल्याळी नर्सेस आहेत, लोकलची गर्दी आहे, पाऊस आहे. आणि गिरणी कामगाराची विधवा पार्वती आहे. बिल्डर तिला घरातून काढतोय आणि घर तिचं आहे हे सांगणारा एकही कागद तिच्याकडे नाही. लालबाग-परळमध्ये राहिलेल्या माणसाला यात समजावून सांगावं असं काही नाही. तरी समितीनं निवडला ‘लापता लेडीज’. गोड सिनेमा आहे, मलाही आवडला. नामांकनाआधी अकॅडमी, म्हणजे ऑस्कर देणारी संस्था, पंधरा सिनेमांची यादी काढते; त्या पहिल्या पंधरांतही तो आला नाही. गंमत अशी, की दोन्ही सिनेमांत आपली छाया कदम आहे. ‘लापता लेडीज’मध्ये स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई, पायलच्या सिनेमात पार्वती. म्हणजे समितीनं काहीही ठरवलं असतं तरी छायाबाई जाणारच होत्या!

पायलचा सिनेमा फ्रान्सबरोबरच्या सहनिर्मितीतला, त्यामुळे फ्रान्सनंही त्याचा विचार केला. पण शेवटी त्यांनी पाठवला ‘एमिलिया पेरेझ’: दिग्दर्शक फ्रेंच, भाषा स्पॅनिश, गोष्ट मेक्सिकोची. आणि त्याच वर्षी उत्तर भारतातल्या एका महिला पोलिसाची गोष्ट सांगणारा ‘संतोष’ हा हिंदी सिनेमा पहिल्या पंधरांत पोचला. कुणाच्या नावानं? ब्रिटनच्या! हिंदी सिनेमा ब्रिटनचा झाला, आणि मुंबईचा सिनेमा ना भारताचा झाला ना फ्रान्सचा.

समितीला सरसकट झोडपणंही बरोबर नाही. २०१५ साली त्यांनी चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ पाठवला होता. मुंबईतलं खालचं न्यायालय, लोकशाहीर आरोपी, आणि कंटाळवाण्या तारखा. यात देशाची शोभा वाढवणारं काही नव्हतं, तरी पाठवला. त्याआधी व्हेनिसमध्ये त्याला दोन पुरस्कार मिळाले होते, हे सोबत सांगितलं पाहिजे. महोत्सवांचं हेच वेगळं आहे. तिथं देशाच्या समितीचा शिक्का लागत नाही, सिनेमा स्वतःच्या पायानं जातो. रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला गेला आणि जागतिक कथापट विभागाचं मुख्य पारितोषिक घेऊन आला. देशाचं प्रतिनिधित्व कर, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

राहता राहिला पैसा. त्यावर आपण फार बोलत नाही. निवड झाली की अमेरिकेत खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, अकॅडमीच्या मतदारांपर्यंत पोचायचं. २००४ साली ‘श्वास’ निवडला गेला, ऑस्करला जाणारा पहिला मराठी सिनेमा. आनंद झाला आणि लगेच वर्गणी सुरू झाली, कारण निर्मात्यांकडे तेवढे पैसे नव्हते. स्पर्धेत देश, पण पावतीपुस्तक घेऊन फिरायचं सिनेमावाल्यांनी. आणि समजा त्या वर्षी ऑस्करची बाहुली मिळाली असती, तरी तिच्यावर ‘श्वास’चे दिग्दर्शक संदीप सावंतांचं नाव कोरलं गेलं नसतं. या विभागात दिग्दर्शकाचं नाव कोरायचं, हे अकॅडमीनं ठरवलं २०१४ साली.