चकमकीच्या टेकड्या: फ्लिंट हिल्समधले खडीचे रस्ते

[दृश्य: सकाळची तिरपी उन्हं. पांढुरका रस्ता, दोन्ही अंगांना तारेचं कुंपण, पलीकडे गवत आणि गवतच.]

हा रस्ता अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा आहे. कॅन्सस म्हटलं की सपाट जमीन आणि गव्हाची शेतं एवढंच मनात येत असेल, तर समोरचा चढ बघा. तो संपला की दुसरा, मग तिसरा. राज्याच्या पूर्व भागात, उत्तरेला नेब्रास्काच्या सीमेजवळून थेट दक्षिणेला ओक्लाहोमापर्यंत हा टेकड्यांचा पट्टा पसरलाय. नाव फ्लिंट हिल्स. 1806 साली झेब्युलन पाइक हा लष्करी अधिकारी इथून गेला, तेव्हा त्यानं रोजनिशीत चकमकीच्या खडबडीत टेकड्यांची नोंद केली होती. आज जगभरातले खडीवर सायकल चालवणारे इथे येतात आणि घरी जाऊन जवळजवळ सगळेच एका दगडाबद्दल बोलत राहतात.

[दृश्य: तळहातावर करड्या रंगाचा दगड, एक कड नुकतीच फुटलेली.]

हाच तो. चर्ट, म्हणजे चकमकीच्याच कुळातला दगड. सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या सुरुवातीला, या जागी उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुनखडी आणि शेल, म्हणजे गाळ घट्ट होऊन बनलेला मऊ खडक, यांचे थर एकावर एक बसत गेले. काही थरांमधल्या चुनखडीत सिलिकाच्या गाठी तयार झाल्या. पुढे समुद्र हटला, चुनखडी पावसापाण्यानं झिजली, विरघळली. गाठी मात्र तशाच मागे उरल्या. कठिणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर चुनखडी 3 वर येते, चर्ट 7 च्या आसपास. फुटल्यावर त्याच्या कपच्या निघतात आणि प्रत्येक कपचीला धार असते. इथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो पिढ्या याच दगडाची बाणांची टोकं आणि सुऱ्या घडवल्या. ती धार आता आपल्या टायरखाली येते.

या दगडाचा राग येण्याआधी कुंपणापलीकडे नजर टाका. उत्तर अमेरिकेत उंच गवताचं कुरण एकेकाळी सुमारे 17 कोटी एकरांवर होतं. आज त्यातलं 4 टक्क्यांहूनही कमी शिल्लक आहे. बाकी सगळं नांगराखाली गेलं, मका आणि सोयाबीन झालं. जे उरलं त्यातलं बहुतांश इथे आहे, कारण इथली माती पातळ आणि तिच्या खाली लगेच खडक. नांगर चालेना, म्हणून शेतकऱ्यांनी गुरं पाळली आणि गवत वाचलं. स्ट्राँग सिटीजवळचं टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह 1996 मध्ये स्थापन झालं. तिथे जवळपास 11,000 एकर कुरण जपलंय आणि 2009 पासून बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगवेही पुन्हा चरू लागलेत. टायर फाडणारा आणि हे दृश्य राखणारा दगड एकच आहे. इथे सायकल चालवायची तर हे आधी मान्य करावं लागतं, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: एम्पोरिया शहर, मग शहराबाहेर डांबर संपून खडी सुरू होते ती जागा.]

बहुतेकांची सुरुवात एम्पोरियातून होते. 2006 पासून इथे खडीवरची मोठी शर्यत भरते. 2020 मध्ये तिचं नाव अनबाउंड ग्रॅव्हल झालं. मुख्य अंतर 200 मैल, म्हणजे सुमारे 320 किलोमीटर, तेही एका दमात. पण त्यासाठी शर्यतीतच उतरायला हवं असं नाही. रस्ते सार्वजनिक आहेत आणि वर्षभर मोकळे असतात. एम्पोरियातून पश्चिमेला चेज काउंटीकडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निघालात की कॉटनवूड फॉल्स लागतं. छोटंसं गाव, आणि गावाच्या माथ्यावर 1873 मध्ये चुनखडीत बांधलेलं न्यायालय. ते आजही वापरात आहे. पाणी भरून घ्यायला आणि थोडं टेकायला अशी गावं फार थोडी. दोन गावांच्या मधे तासन्‌तास नळ नाही, दुकान नाही, सावलीही नाही. पाण्याचा हिशेब निघतानाच करावा लागतो.

[दृश्य: चाकाच्या उंचीवरून रस्ता. दोन चाकोऱ्या आणि मधे सुट्या खडीची वरंब.]

आता रस्त्याकडे जवळून बघू. गाड्यांच्या चाकांनी दोन चाकोऱ्या दाबून ठेवल्यात. चालवायचं त्यांतूनच. मधल्या सुट्या खडीत पुढचं चाक शिरलं की ते स्वतःच्या मर्जीनं वळतं, आणि घाबरून ब्रेक दाबलात तर पडणार हे नक्की. रस्ता सपाट करणारं यंत्र, ग्रेडर, फिरून गेलेलं असेल किंवा नवी खडी नुकतीच ओतली असेल, तर चाकोऱ्याही नाहीशा होतात. कालचा उत्तम रस्ता आज ओळखू येत नाही. चढावर आणि वळणापाशी पृष्ठभाग पन्हाळी पत्र्यासारखा झालेला असतो, मनगटं बधिर होतात. खरा धोका मात्र उताराच्या तळाशी. पावसाचं पाणी तिथली बारीक खडी वाहून नेतं, खालचे कोनेरी दगड उघडे पडतात, आणि नेमका तिथेच आपला वेग सर्वाधिक असतो.

म्हणून इथे 40 मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर घेऊन येऊ नये. 45 ते 50 असेल तर उत्तम. ट्यूबलेस, आत सीलंट, म्हणजे छोटी भोकं आपोआप बुजवणारं द्रव, ताजं भरलेलं, आणि बाजूची भिंत जाड. चर्ट टायरच्या मध्यापेक्षा बाजूलाच जास्त कापतो आणि बाजूचा लांब काप सीलंटला आवरत नाही. भोक बुजवायच्या वाती, दोन ट्यूब, आणि कापाला आतून लावायला जुन्या टायरचा एक तुकडा, एवढं खिशात हवंच. हवा खूप कमी ठेवली तर रिम दगडावर आपटते, खूप जास्त ठेवली तर चाक दगडादगडावरून उडतं. मधला आकडा ज्याच्या त्याच्या वजनावर ठरतो. पहिल्या दिवशी छोटी फेरी मारून तो शोधून घेणं चांगलं.

[दृश्य: पिवळा फलक. त्यापुढे रस्ता अरुंद, दोन चाकोऱ्यांत गवत.]

काही फाट्यांवर असा फलक दिसतो: किमान देखभालीचा रस्ता, आपल्या जबाबदारीवर जा. तो गंभीरपणे घ्या. कॅन्ससच्या कायद्यानुसार काउंटी कमी वर्दळीच्या रस्त्यांना हा दर्जा देते. त्यावर खडी जवळजवळ नसते, नुसती माती. कोरड्या दिवसात हे माझ्या दृष्टीनं सगळ्यात सुंदर रस्ते, कारण तिथे चाकांचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. पाऊस पडला की मात्र त्यांचं रूप पालटतं.

[दृश्य: चिखलात अडकलेलं चाक. कॅमेरा जवळ, आणखी जवळ.]

ही शेलपासून झालेली चिकणमाती. चाक तीन-चार वेढे फिरतं तोवर टायरवर जाड थर चढतो. त्या थराला खडे चिकटतात, गवत चिकटतं. मग तो फॉर्क, म्हणजे चाक धरणारा सांगाड्याचा दुपेडी भाग, आणि टायरमधल्या फटीत ठासून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. या क्षणी जोर लावून पेडल मारलं तर गिअर बदलणारा डिरेलर मोडून मागच्या चाकात जातो, आणि प्रवास तिथेच संपतो. 2023 च्या शर्यतीत सुरुवातीच्या टप्प्यातच असा चिखल लागला. कसलेले व्यावसायिक खेळाडूही सायकल खांद्यावर टाकून चालत निघाले. शहाणपण यातच आहे की चिखल दिसताच उतरावं, सायकल ढकलू नये, उचलावी, आणि कडेच्या गवतातून चालावं. रंग ढवळायची चपटी लाकडी पट्टी इथले लोक सोबत ठेवतात. चिखल खरवडायला तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. आणि हातात वेळ असेल तर सरळ थांबा. वारं आणि ऊन असेल तर हे रस्ते लवकर सुकतात. वादळी पावसानंतर फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर मात्र पलीकडे जाण्याचा मोह अजिबात नको.

[दृश्य: उघडं माळ, रस्त्यावर उभी गुरं.]

दक्षिणेला ग्रीनवूड काउंटीकडे टेटर रॉक आणि टेक्साको हिलचा भाग येतो. काही ठिकाणी तिथे कुंपणही नाही. गुरं रस्त्यावरच असतात. वेग कमी करा, शांतपणे बोलत जा, त्यांना बाजूला व्हायला वेळ द्या. टेटर रॉक ही 1954 मध्ये उभारलेली उंच शिळा. त्याआधी वाटसरूंना दिशा कळावी म्हणून इथे दगड रचलेले असत. शिळेपाशी उभं राहिलं की चहूबाजूंना एकही घर दिसत नाही. या परिसरात 1920 च्या दशकात तेलामुळे टेटरव्हिल नावाचं गाव वसलं होतं, तेही आता उरलेलं नाही. दक्षिणेचा वारा अडवायला इथे काही नसतं. शहाण्यानं सकाळी वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि दुपारी त्याला पाठीशी घेऊन परतावं.

ज्यांना एवढी परीक्षा नको, त्यांच्यासाठी फ्लिंट हिल्स ट्रेल आहे. ओसावाटोमीपासून हेरिंग्टनपर्यंत सुमारे 190 किलोमीटर, मिसूरी पॅसिफिक रेल्वेच्या जुन्या मार्गावरून. आगगाडीसाठी केलेला रस्ता, त्यामुळे चढ सौम्य. वाटेत काउन्सिल ग्रोव्ह लागतं. तिथे कॉ (कान्झा) या मूळ रहिवासी लोकांची राखीव भूमी होती. 1873 मध्ये त्यांना ती सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. कॅन्सस हे राज्याचं नाव त्यांच्याकडून आलेलं. तिथे थांबून हे आठवावं, नुसतं पाणी भरून पुढे जाऊ नये.

[दृश्य: काळा पडलेला डोंगरउतार, त्यातून फुटणारे हिरवे कोंब.]

जायचं कधी? मार्च-एप्रिलमध्ये पशुपालक कुरणं मुद्दाम पेटवतात. मूळ रहिवासीही हेच करत. आग लावली नाही तर झाडंझुडपं माजतात आणि गवत मागे पडतं. त्या दिवसांत धुरानं श्वास कोंडतो, म्हणून जाण्याआधी चौकशी करा. मे आणि जूनचे पहिले दिवस हिरवेगार, पण वादळांचे. जुलै-ऑगस्टचं ऊन अंगावर घेऊ नये. माझं मत विचाराल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. बिग ब्लूस्टेम हे इथलं उंच गवत तेव्हा माणसाच्या डोक्यापर्यंत वाढून तांबूस झालेलं असतं, वाटा बहुतेक कोरड्या असतात, हवा थंड.

रस्ता सोडला की दोन्हीकडची जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे. कुंपण ओलांडू नका, आणि वाटेत फाटक लागलंच तर ते उघडं होतं की बंद हे पाहून तसंच ठेवा.