माकडताप: काजूच्या पातेऱ्यात दडलेला आजार

(दृश्य: पहाट, काजूची बाग, पातेऱ्यावर पावलांचा आवाज)

फेब्रुवारी लागला की सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांदा, तिलारीच्या पट्ट्यात माणसं उजाडायच्या आत बाहेर पडतात, हातात काठी, डोक्यावर टोपली, आणि मग काजूच्या झाडाखाली वाकून बिया वेचायच्या, बोंडू पिरगळून बी वेगळी करायची, परत वाकायचं, हे असं जवळजवळ मे महिन्यापर्यंत चालतं. खाली नुसता पातेरा. वाळलेल्या पानांचा हा जाड थर, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो. आजची आपली गोष्ट या पातेऱ्यातलीच आहे.

2016 च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात लोक अचानक तापाने आजारी पडायला लागले. ताप सणसणीत, डोकं फुटेल असं दुखणं, कंबर आणि पोटऱ्या अशा दुखायच्या की उठवत नाही, डोळे लाल, कोणाला उलट्या, कोणाच्या हिरड्यांतून नाहीतर नाकातून रक्त. आपल्याकडे ताप म्हटला की आधी मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यांचंच नाव निघतं, पण हे काहीतरी वेगळं होतं, कारण त्याच वेळी रानात माकडं मरत होती. तपासणीत निघाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. लोकांच्या तोंडी माकडताप. त्याच्या आधीच्या वर्षी, 2015 ला, शेजारी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात तो येऊन गेला होता, आणि पुढे 2017 मध्ये बांदा परिसरात पुन्हा बऱ्याच केसेस झाल्या.

(दृश्य: घाटाखालचं दाट रान, नंतर जुना नकाशा)

हे क्यासनूर नाव आलं कुठून, तर कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुका आहे, तिथल्या एका जंगलाचं हे नाव. 1957 साली त्या भागात माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडायला लागली. आधी शंका आली पिवळ्या तापाची, कारण त्या आजारातही माकडं मरतात आणि पिवळा ताप तर भारतात कधी आलाच नव्हता, म्हणजे केवढी धावपळ झाली असेल बघा. आपल्या पुण्यात 1952 पासून व्हायरस रिसर्च सेंटर होतं, आजची एनआयव्ही, कोरोनात जिचं नाव घरोघरी पोचलं तीच. त्या टीमने आजारी माणसं आणि मेलेली माकडं यांच्यातून व्हायरस शोधून काढला. तो पिवळ्या तापाचा नव्हता, अगदी नवीनच होता, आणि त्याचे जवळचे नातेवाईक निघाले थेट रशियाकडचे, तिकडेही गोचिडीतून पसरणारा मेंदूचा ताप आहे त्याच घराण्यातले.

म्हणजे नाव माकडाचं असलं तरी पसरवते गोचीड. हे नीट समजून घ्या, कारण नावामुळे लोक माकडावर राग काढतात आणि ते बिचारं तर स्वतःच या आजाराने मरतंय.

(दृश्य: बोटाच्या टोकावर बारीक गोचीड, क्लोजअप)

आपल्या डोळ्यांपुढे गोचीड म्हणजे गुरांच्या कानात चिकटलेली ती टम्म फुगलेली. माणसाला बहुतेक करून चावते ती ही नाही, तिचं पोर. खसखशीच्या दाण्याएवढं. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गुरांवर आणि रानातल्या मोठ्या जनावरांवर पोट भरतात, खाली पडतात, पातेऱ्यात अंडी घालतात, पाऊस सरता सरता त्यातून पिल्लं निघतात, ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडं असं जे मिळेल त्याचं रक्त पितात, आणि जानेवारी ते मे या काळात ही खसखशीएवढी पोरं रानभर झालेली असतात. आता हे महिने परत एकदा आठवा. काजूचा सीझन कधी? भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, कवळ म्हणजे झाडांच्या डहाळ्या तोडायच्या, पातेरा गोळा करायचा तो कधी? सरपण आणायचं कधी? सगळं त्याच दिवसांत. गोचिडीचा आणि आपल्या पोटाचा हंगाम एकच आहे, खरी अडचण ही आहे.

व्हायरस रानातल्या बारीकसारीक प्राण्यांत फिरत असतो आणि त्यांना सहसा काही होत नाही. तोच गोचिडीमार्फत माकडात गेला, काळ्या तोंडाच्या वानरात किंवा लाल तोंडाच्या माकडात, की त्याच्या रक्तात जोरात वाढतो, माकड मरतं, आणि अंग थंड पडलं की अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूच्या पातेऱ्यात पसरतात. म्हणजे जिथे माकड मेलं ती जागा, वरून साधीच दिसते, पण सगळ्यात धोक्याची तीच. आणि माणूस? माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. घरात पेशंट असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याला पेज भरवा, त्याला वाळीत टाकल्यासारखं अजिबात करू नका.

(दृश्य: झाडाखाली पडलेलं माकड, लांबून)

असं माकड दिसलं तर काय करायचं? हात लावायचा नाही, काठीने ढकलायचं नाही, खड्डा खणून पुरायचंही नाही. आपल्याकडे माकड मेलं की हनुमानाचं रूप म्हणून हार घालून माती देतात, त्यामागची श्रद्धा मला कळते, पण इथे थांबावंच लागेल. 2012-13 मध्ये बांदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात ज्यांनी मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावली त्यांच्यातलेच लोक या तापाने पडले होते. तेव्हा लांब व्हा आणि फोन करा, वनखात्याला, प्राथमिक आरोग्य केंद्राला, नाहीतर तुमच्या आशाताईंना सांगा, त्या पुढे कळवतात. मग माणसं पूर्ण अंग झाकून येतात, तपासणीसाठी नमुने घेतात, त्या जागेवर आणि भोवती गोचीड मारायची पावडर मारतात. माकड मेल्यावर माणसांत केस यायला मधे थोडे दिवस मिळतात, आणि ते एका फोनवर अवलंबून असतात.

‘रानात जाऊ नका’ असं बोर्डावर लिहिणं सोपं आहे. इथे विचारलं की उत्तर एकच येतं, ‘रानात गेल्याशिवाय पोट कसा भरतला?’ खरं आहे ते. वर्षाचे पैसे याच तीन महिन्यांत येतात. म्हणून जायचं, पण तयारीने जायचं. फुल हाताचा शर्ट, पॅन्ट मोज्यात खोचलेली, बायकांनी साडीखाली लेगिंग किंवा जुनी पॅन्ट, पायात बूट. उघड्या अंगाला गोचीड जवळ न येण्याचं तेल, डेपा नाहीतर डीएमपी म्हणून मिळतं ते, आरोग्य केंद्रात विचारा. पातेऱ्यावर टेकून बसायचं नाही, जेवायला कातळावर बसा. घरी आलं की कपडे खुंटीला नाही, थेट कढत पाण्यात, आणि अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत बोटं फिरवून बघा, पोरांचं आईने बघायचं. गोचीड सापडली तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, रॉकेल नको, विडीचा चटका नको, बोटांनी चिरडणं तर नकोच.

आणि ताप आला तर दोन दिवस पॅरासिटामॉल खाऊन बघूया असं करू नका. चावल्यापासून साधारण 3 ते 8 दिवसांत ताप येतो. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की मी काजूला जातो, तेवढ्याने तपासणीची दिशा बदलते. या व्हायरसवर खास औषध नाही, पण सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, वेळेत दाखल होणं यानेच माणूस वाचतो, शंभरात साधारण 3 ते 5 जण दगावतात. काहींना ताप उतरतो, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, माणूस परत कामाला लागतो आणि मग दुसऱ्यांदा उलटतो, या वेळी मानेत ताठरपणा, हात थरथरणं, नजर अंधूक. म्हणून बरं झालं तरी डॉक्टरांकडची पुढची फेरी चुकवू नका.

लस होती, कर्नाटकात कित्येक वर्षं दिली गेली, पण टोचल्यावर फार दुखायची, पुन्हा पुन्हा डोस घ्यावे लागायचे आणि संरक्षणही पुरेसं मिळत नव्हतं, शेवटी 2022 मध्ये ती बंद झाली. नवीन लसीचं काम चालू आहे.

(दृश्य: संध्याकाळ, अंगणात पसरलेल्या बिया, मागे चुलीवर पाण्याचा हंडा)

जूनमध्ये पाऊस लागतो, पातेरा भिजून बसतो, केसेस थांबतात, वर्तमानपत्रातली बातमीही थांबते. त्याच दिवसांत रानात चरायला गेलेल्या गुरांच्या कानात मोठ्या गोचिडी टम्म फुगत असतात, आणि गोठा झाडताना, गुरं धुताना त्यांच्याकडे बघायची वेळ तेव्हाच असते.