साखर आणि मोठं आतडं

नमस्कार मंडळी, साखर म्हटलं की आपल्याला डायबेटिस आठवतो, फार तर किडलेले दात, पण आज बोलूया मोठ्या आतड्याबद्दल. अमेरिकेत डॅलसला यूटी साउथवेस्टर्न मेडिकल सेंटर आहे, तिथल्या हसन झाकी यांच्या टीमने 2020 मध्ये उंदरांवरचं एक काम छापलं. उंदरांना आठवडाभर 10 टक्के साखरेचं पाणी पाजलं. फार वाटतं ना? अहो, कोल्ड्रिंकमध्ये पण 100 मिलीला 10 ग्रॅमच्या आसपासच साखर असते!

आता गंमत अशी की नुसत्या साखरेने आतड्याला सूज आलीच नाही, पण नंतर कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज, व्हावा म्हणून एक केमिकल दिलं तेव्हा साखर प्यायलेल्या उंदरांचे हाल बाकीच्यांपेक्षा जास्त झाले. कशामुळे? तर आतड्याला आतून बुळबुळीत थर असतो, पोट बिघडल्यावर आव पडते ना, तीच वस्तू, आणि हा थर बॅक्टेरियांना आतड्याच्या भिंतीपासून लांब ठेवतो. साखरेमुळे तो थर खाणारे बॅक्टेरिया वाढले, अकरमान्सिया वगैरे, आणि थर झिजला. जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांमध्ये साखरेने काही बिघडलं नाही, उलट साखर प्यायलेल्यांचे बॅक्टेरिया साध्या उंदरांच्या पोटात सोडले तर साखर न पिता त्यांचाही कोलायटिस बळावला. मला विचाराल तर सगळ्यात पटणारी गोष्ट हीच.

बरं, हाच अकरमान्सिया परदेशात 'चांगला बॅक्टेरिया' म्हणून कॅप्सूलमधून विकतात, त्यामुळे चांगला-वाईट असे शिक्के मारायची घाई नको, आपण काय खातो त्यावर बरंच अवलंबून आहे. भाकरी, उसळ, भाज्या यातला फायबर मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो, बॅक्टेरिया त्याचं ब्युटिरेट नावाचं छोटं फॅटी अ‍ॅसिड करतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात.

अर्थात हे सगळं उंदरांमधलं, माणसाला जसंच्या तसं लागू करता येणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्येच सांगितलंय की वरून घातलेली साखर जमल्यास दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे 300 मिलीची एक बाटली प्यायलात की कोटा संपला, आणि गुळाचा चहा घेणाऱ्यांनो, गुळातही बहुतेक साखरच असते हो.

ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारे जुनाट आजार, आहेत त्यांनी साखर कमी केली म्हणून गोळ्या बंद करू नका, आणि संडासवाटे रक्त पडत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.