गुळव्याचं स्वादुपिंड

(दृश्य : पहाट. पंचगंगेकाठचं गुऱ्हाळ. काहिलीवर वाफ.)

काहील कधी उतरवायची, हे गुळव्याला रंगावरून कळतं. करवीर तालुक्यातल्या या गुळव्याची त्यात उभी हयात गेली. स्वतःचे डोळे बदललेले मात्र सुनेनं हेरले. "मामा, डोळं पिवळं दिसत्यात."

पोटात दुखत नव्हतं. म्हणून आधी काविळीचा झाडपाला झाला, आणि महिन्यानं कोल्हापुरात सीटी स्कॅन. स्वादुपिंड सुजलेलं, पित्तनलिका दबलेली. साठीतला माणूस, न दुखणारी कावीळ. घरात कॅन्सर हा शब्द कुणी काढला नाही. बहिणी मात्र एकेक करून भेटून जायला लागल्या.

(दृश्य : संगणकावर स्कॅन.)

निरोगी स्वादुपिंडाची कड मक्याच्या कणसासारखी, उंचसखल. इथं ते रताळ्यासारखं गुळगुळीत, भोवती सायीएवढी कड. डॉक्टर सॉसेजची उपमा देतात. आपल्याला रताळंच बरं. एमआरसीपीत, म्हणजे या नलिका दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, स्वादुपिंडाची मुख्य नलिका लांबवर बारीक दिसते, पण तिच्यामागं तुंबारा नाही. कॅन्सरच्या गाठीनं वाट अडवली, की मागची नलिका बहुधा फुगते.

शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटली होती. याला ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस हे नाव जपानी डॉक्टरांनी 1995 मध्ये दिलं. 2001 मध्ये जपानमधूनच या आजाराचा आयजीजी-4 या प्रथिनाशी संबंध पुढं आला. गुळव्याच्या रक्तात ते वाढलेलं होतं. पण काही कॅन्सरच्या रुग्णांतही ते वाढतं, म्हणून नुसत्या रक्तावर भिस्त नाही. एंडोस्कोपीच्या सोनोग्राफीतून सुईनं तुकडा काढला. त्यात कॅन्सर नव्हता. मग स्टेरॉइड.

(दृश्य : एमआरआयचा बोगदा. आवाज : "श्वास रोखा.")

दोन आठवड्यांनी पुन्हा चित्र. आमच्या मते हेच खरं मोलाचं. सूज हलली नसती, तर निदानच मुळापासून तपासावं लागलं असतं. इथं रताळं आक्रसलं, नलिका मोकळी व्हायला लागली.

गोळ्या हळूहळू कमी करतात आणि तेव्हाच दुखणं उलटायची भीती असते. म्हणून नजर ठेवायची ती एमआरआयनं. त्यात क्ष-किरण नाहीत. पित्तनलिका आणि मूत्रपिंडंही बघतात, हा आजार तिथंही डोकावतो.

स्टेरॉइडनं साखर चढली. गूळ चाखायचं काम आता पोराकडं.

(दृश्य : गुऱ्हाळाची भिंत.)

पुढच्या एमआरआयची तारीख कोळशानं लिहिली आहे, मजुरांच्या उचलीच्या हिशेबाखाली.