शनिवारी काय करतोस?

बसा, पोरांनो. मागं उभं राहू नका, खुर्च्या आहेत.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं भरतीचं काम पाहिलं. आता निवृत्त आहे, तरी पोरं रेझ्युमे घेऊन घरी येतात. गेल्या महिन्यात खानापूरकडचा एक मुलगा आला. मेकॅनिकल, आठवं सेमिस्टर. कागदावर सीजीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, पाचव्या सेमिस्टरपर्यंतची. एक विषय राहिला होता, तो कधीच सुटला होता, पण रेझ्युमेत अजून राहिलेलाच! वर पासपोर्ट फोटो, वडिलांचं नाव, धर्म, आणि खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ अशी शपथ. म्हणाला, ‘‘सर, मागच्या वर्षीचाच हाय, चालतंय न्हवं?’’

मी विचारलं, शनिवारी काय करतोस?

‘‘मामाच्या वर्कशॉपात लेथवर असतो.’’

कधीपासून?

‘‘दुसऱ्या वर्षापासनं.’’

मग हे कुठाय कागदावर? तर म्हणे, ‘‘त्यात काय लिहायचं सर, घरचंच काम हाय.’’

अरे, तेच तर लिहायचं! दोन वर्षं लेथवर धातू फिरवत कापायचं काम: टर्निंग, बोअरिंग, आटे पाडणं. ड्रॉइंग वाचून जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर लावणं. मायक्रोमीटरनं मोजून पास करणं. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या या गावात हे वाचल्यावर माणूस कागद बाजूला ठेवतो, म्हणजे बोलावण्यासाठी ठेवतो. ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ या ओळीवर नजरसुद्धा थांबत नाही. ती सगळ्यांचीच असते.

दुसरं, भाषा. आपली पोरं शेवटच्या ओळीत चार भाषांची नावं ओळीनं टाकतात, रेशनच्या यादीसारखी. गिऱ्हाईक पुण्याचं, ऑपरेटर गोकाकचा, कन्नड बोलणारा, ड्रॉइंग इंग्रजीत. मधे उभं राहून तिघांशी बोलणारा माणूस फुकट मिळत नाही. तेव्हा नीट लिहा: कन्नड बोलता येतं, की वाचता-लिहिताही येतं? खोटं मात्र नको. मी मुलाखतीत कन्नड नोटीस हातात द्यायचो. वाच म्हणायचो. घाम फुटायचा.

बारीकसारीक गोष्टी चटकन सांगतो. पुण्याला अर्ज करताना पीयूसीपुढं बारावी, एसएसएलसीपुढं दहावी लिहा; तिकडं सगळ्यांनाच कळतं असं नाही. इंग्रजीत गावाचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालंय. तुमच्या जन्मदाखल्यावर जुनं, मार्क्स कार्डावर नवं. दाखले तसेच राहू देत, पण रेझ्युमेच्या एकाच पानावर दोन्ही नकोत. सीजीपीएची टक्केवारी स्वतःच्या मनानं काढू नका. कार्डावर आहे तसा, दहापैकी, लिहा. निकाल लागला की त्याच रात्री फाईल उघडायची. आणि त्या फाईलीला ‘फायनल न्यू दोन’ नव्हे, स्वतःचं नाव द्या.

तो मुलगा पुढच्या शनिवारी नवा कागद घेऊन आला. एक पान, फोटो गेलेला, लेथ सगळ्यात वर. मी म्हटलं, मामाला दाखवलास का?

‘‘दाखवलो की सर. मामानं लेथचं वाचलं आणि म्हणालं, आता दोन वर्षांचा पगार मागशील काय रे?’’