अध्यक्ष, उंट आणि बिशप

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय ‘बिशप या पदाचा उगम’. त्यावर येतोच. आधी उंटाचं सांगून टाकतो, नाहीतर ते पोटात राहील.

मागे एका संपादकांनी मला एक अंक छपाईआधी तपासायला दिला. बुद्धिबळाच्या अनुवादित लेखात वाक्य होतं, ‘धर्मगुरू तिरका आला आणि त्याने घोडा मारला.’ मी समासात लिहिलं : धर्मगुरू नको, उंट करा. कुणीतरी उत्साहाने संगणकावर ‘सगळीकडे बदला’ दाबलं. अंक आला. पान 3 वर नव्या बिशपच्या दीक्षाविधीची बातमी : ‘उंटंनी उपस्थितांना आशीर्वाद दिला.’ उंटंनी! निदान सामान्यरूप तरी सुधारायचं! दिलगिरी मात्र माझ्या नावावर छापली. माझं दुखणं तेवढंच आहे.

बरं, चूक तरी कुणाची? ही सोंगटी मुळात हत्ती. अरबीत अल-फील. फ्रेंचांनी तिला विदूषक केलं, जर्मनांनी धावणारा, इंग्रजांनी बिशप, आपण उंट. तिरकं चालणाऱ्याला नाव द्यायला सगळेच उत्सुक! (कुणाकडे बघून हसू नका.)

आता बिशप. ग्रीक शब्द ‘एपिस्कोपोस’. एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे पाहणारा. टेलिस्कोपमधला स्कोप त्याच घरातला. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचा बिस्पो झाला, इंग्रजांच्या तोंडी बिशप. चर्चच्या कितीतरी आधी अथेन्स आपल्या अंकित शहरांवर एपिस्कोपोस धाडत असे, म्हणजे चक्क सरकारी तपासनीस. आणि मराठी बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात या जागी शब्द कोणता? ‘अध्यक्ष’. अधि आणि अक्ष, म्हणजे वरून डोळा ठेवणारा. जोडावर जोड बसलाय! कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तले अध्यक्षही हेच करत : सुवर्णाध्यक्ष सोन्यावर, सीताध्यक्ष शेतीवर नजर ठेवी. हार आणि खुर्ची मागाहून आली. आमचे अध्यक्ष मघापासून घड्याळावर नजर ठेवून आहेत, तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ तेवढा जिवंत आहे.

चिठ्ठी आली. 2 मिनिटं. मग मुद्दा पळवतो.

पहिल्या शतकात हे अध्यक्ष, म्हणजे बिशप, एका गावात एकच असा नेम नव्हता. फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, पत्र लिहिताना आद्य धर्मप्रसारक पौल अनेकवचनात ‘अध्यक्ष आणि सेवक’ म्हणतो. बायबलातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 20 व्या अध्यायात तो इफिसच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठांना, मिलेतला बोलावतो आणि त्याच माणसांना पुढे अध्यक्ष म्हणतो. वडील आणि अध्यक्ष, माणसं तीच. ‘वडील’साठीचा ग्रीक शब्द प्रेस्बुतेरोस, इंग्रजीतला प्रीस्ट त्यातूनच निघाला. एक बिशप, त्याच्या हाताखाली वडील आणि सेवक, ही उतरंड ठसठशीत दिसते ती दुसऱ्या शतकात, अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रांत. बिशपवाचून काही करू नका, असं तो पुन्हा पुन्हा बजावतो. आणि हाच गृहस्थ रोमच्या मंडळीला लिहितो तेव्हा तिथल्या बिशपचं नावही घेत नाही! का, ते खाली उतरल्यावर विचारा, अध्यक्ष उठले.