काँग्रेस गवताचा खर्च आणि मेक्सिकोचा भुंगा

(ड्रोन शॉट: कालव्याचे दोन्ही काठ)

पाऊस सरत आलाय आणि दौंडकडे जाणाऱ्या या कालव्याचे दोन्ही काठ पांढऱ्या फुलांनी भरून गेलेत, वरनं बघितलं तर कुणी मुद्दाम लागवड केलीय असं वाटेल. हे काँग्रेस गवत, काही भागात गाजर गवत म्हणतात. मूळचं मेक्सिकोच्या आखाताकडचं. आपल्याकडे त्याच्याकडे लक्ष गेलं ते 1955 साली, ते पण पुण्यातच, कचऱ्याच्या ढिगांवर. आज जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा अंदाज आहे की देशात जवळपास साडेतीन कोटी हेक्टरवर हे पसरलंय.

(क्लोजअप: मावशींचे हात)

मावशींनी दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घातल्यात आणि मनगटाला रबर लावलंय, कारण नुसत्या हाताने उपटलं तर खाज सुटते, पुरळ येतं, काहींना तर दमा लागतो. जनावरं शक्यतो तोंड लावत नाहीत आणि खाल्लंच तर दूध कडू होतं.

आता खर्च बघू. खुरपणीला एकरी आठ बायका धरा आणि रोज तीनशे धरा, म्हणजे एका खेपेचे चोवीसशे झाले, शिवाय आणायला-सोडायला गाडी. आणि एका खेपेत भागत नाही कारण हे गवत उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात फुलावर येतं आणि एकेका झाडाला दहा-दहा, वीस-वीस हजार बिया धरतात, त्या हलक्या असतात, वाऱ्याने जातात, पाण्याने जातात, बैलाच्या खुराला आणि ट्रॅक्टरच्या टायरला चिकटून पण जातात. म्हणून फुलं यायच्या आधी उपटलं तरच मजुरीचे पैसे वसूल. इथे बघा, हा उपटलेला ढीग बांधावरच टाकलाय, फुलांसकट. यातलं बी इथेच गळणार, म्हणजे आज दिलेल्या मजुरीतनं पुढच्या खुरपणीची सोय झाली. हेच गवत फुलाच्या आधी खड्ड्यात टाकलं असतं तर चांगलं कंपोस्ट झालं असतं.

बरं, समजा तुम्ही तुमचं रान एकदम स्वच्छ ठेवलं. पण कालव्याचा काठ पाटबंधारेचा, रस्त्याची कड बांधकाम खात्याची, गायरान ग्रामपंचायतीचं, आणि तिथलं बी तुमच्या रानात येतं. तिथला खर्च कुणाच्याच हिशोबात नाही, सगळा येऊन पडतो शेतकऱ्याच्या मजुरीवर. आमच्या मते या विषयातली खरी अडचण हीच आहे, एकेकट्याने केलेला खर्च दरवर्षी वाया जातो.

(क्लोजअप: पानावरचा भुंगा)

आणि आता हा बघा. सहा मिलिमीटरचा असेल, मळकट पांढरी पाठ, त्यावर चॉकलेटी वेड्यावाकड्या रेघा. याला मेक्सिकन भुंगा म्हणतात, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. 1983 साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी तो मेक्सिकोतून आणला, आधी बंदिस्त जागेत वेगवेगळ्या पिकांवर ठेवून तपासलं की हा दुसरं काही खातो का, आणि मग 1984 मध्ये मोकळ्या रानात सोडला. सुरुवातीची काही वर्षं फारसं काही दिसलं नाही, मग संख्या वाढत गेली आणि बंगळुरूच्या आसपास गवताचे नुसते दांडे उरायला लागले.

नंतर मोठा घोळ झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाच्या पानांवर सापडले आणि एकच ओरड झाली की तणासाठी आणलेला किडा पिकावर आला, भुंगे सोडायचं काम थांबलं, सरकारने समिती नेमली. तपासात कळलं की शेजारच्या काँग्रेस गवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते, त्या वासाने भुंगे तिकडे गेले आणि थोडं कुरतडलं, पण नुसत्या सूर्यफुलावर त्यांची पिढी उभी राहत नाही. खुलासा झाला, पण त्यात कितीतरी वर्षं गेली.

(व्हिडिओ: अळ्या पान खाताना)

मादी पानाच्या खालच्या बाजूला पिवळसर अंडी घालते, चार-पाच दिवसांत अळ्या निघतात आणि त्या आधी कोवळा शेंडाच धरतात, त्यामुळे फूलच येत नाही. दहा-पंधरा दिवस खाऊन झालं की मातीत उतरून कोषात जातात, त्यातनं नवा भुंगा बाहेर. पावसाळ्यात अशा तीन-चार पिढ्या होतात. हिवाळा-उन्हाळा तो मातीत झोपून काढतो आणि तेवढ्या काळात पाण्याच्या कडेचं गवत वाढतंच, तिथे खुरपं लागणारच. पण पुढच्या जूनमध्ये पाऊस पडला की हा आपला आपण वर येतो. त्याची मजुरी नाही, पंप नाही, औषधाची बाटली नाही.

ऑस्ट्रेलियाने अशा नैसर्गिक शत्रूंवर केलेल्या सगळ्या खर्चाचा 2006 मध्ये हिशोब मांडला, तर तणांच्या बाबतीत सरासरी एका डॉलरला तेवीस डॉलरचा फायदा निघाला. आपल्याकडे तणनाशकाचं दुकान प्रत्येक बाजारच्या गावात आहे. भुंगा विकून कुणाचं दुकान चालत नाही, त्यामुळे त्याचं सांगायला शेतकऱ्याच्या दारात कुणी येत नाही.

(शॉट: डब्यात भुंगे गोळा करताना)

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रस्त्याकडेचं खाल्लेलं गवत दिसलं की थांबा. भुंगे तिथेच असतात, शेंड्यावर बसलेले. भोकं पाडलेल्या डब्यात थोडा पाला टाकून ते गोळा करा, पाचशे ते हजार मिळाले तर उत्तम, आणि आपल्या शिवारात जिथे सगळ्यात दाट गवत आहे तिथे एकाच जागी सोडा, पसरू नका. गावाने मिळून केलं तर फारच चांगलं, कारण कालव्याची कड आणि गायरान एकट्याच्या आवाक्यातलं नाही. सोबत पावसाच्या तोंडावर मोकळ्या कडांना टाकळ्याचं बी फेकून ठेवा, तो या गवताला वर येऊ देत नाही. आणि भुंगे सोडले त्या तुकड्यावर तणनाशक मारू नका, नांगरट पण करू नका, नाहीतर मातीतले कोष जातील आणि पुढच्या वर्षी परत डबा घेऊन निघावं लागेल.